सायलेन्सरमधून निघणारा हायड्रोजन

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"तू हल्ली नक्की काय करतेस ते सोप्या भाषेत सांग," असा संयोजकांचा आदेश आहे, आणि वर दहा मिनिटांची मर्यादा. सकाळी मिसळ खाताना आपल्या गॅरेजवाल्या मित्राने काम आणखी सोपं केलं. तो म्हणाला, "हायड्रोजनच्या गाडीतून नुसतं पाणी निघतं म्हणतात. मग तुला पगार कसला देतात?"

तर नुसतं पाणी निघत नाही. पाण्याबरोबर थोडा हायड्रोजनही निघतो. तो किती, कधी आणि कसा बाहेर पडावा हे बघायचा मला पगार मिळतो.

फ्युएल सेल इंजिनात पिस्टन नाही, सिलिंडर नाही. केसापेक्षाही पातळ असा एक पडदा असतो. त्याच्या एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा. दोघांच्या संयोगातून वीज आणि पाणी. असे शेकडो पडदे एकमेकांना लावून ठेवले की बस ओढण्याइतकी वीज मिळते. पण हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो, आणि तो या पडद्यातून हळूहळू झिरपून हायड्रोजनच्या बाजूला येतो. तिथे त्याला काही काम नसतं. एसटीत बिनतिकिटाचे प्रवासी चढत राहावेत आणि उतरायचं नाव काढू नये, तसं होतं. खरा प्रवासी दाराशी लोंबकळतो. पडद्याच्या कोपऱ्यापर्यंत हायड्रोजन पोचला नाही की तिथला कार्बन झिजू लागतो आणि लाखमोलाचं इंजिन कायमचं बिघडतं. म्हणून अधूनमधून एक छोटी झडप क्षणभर उघडायची आणि साचलेला नायट्रोजन नि पाणी बाहेर सोडायचं. तांदूळ पाखडताना कोंड्याबरोबर चार दाणेही सुपाबाहेर जातात, तसा त्याच्याबरोबर हायड्रोजनही जातो. झडप फार वेळा उघडली तर इंधन वाया, फार कमी वेळा उघडली तर इंजिन वाया.

बाहेर पडणाऱ्या या हायड्रोजनची भीती का? हवेत तो 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत कितीही असला तरी पेट घेऊ शकतो. त्याला पेटवायला 0.02 मिलिज्यूल ऊर्जा पुरते, म्हणजे पेट्रोलच्या वाफेला लागते तिच्या साधारण दहावा हिस्सा. नायलॉनच्या कपड्यातून निघणारी ठिणगीसुद्धा चालते. ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. वासही नाही. घरच्या गॅसमध्ये मिसळतात तसा वास यात मिसळता येत नाही, कारण त्यातलं गंधक इंजिनातल्या प्लॅटिनमला मारून टाकतं. एकच गोष्ट आपल्या बाजूची: हा वायू हवेपेक्षा चौदापट हलका, उघड्यावर क्षणात वर निघून जातो. डोक्यावर छप्पर असेल तर मात्र तिथेच जाऊन बसतो.

उपाय तसा साधा आहे. इंजिनाला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर असतोच. वापरून झालेली हवा बाहेर जाते त्याच नळीत हा हायड्रोजन सोडायचा, म्हणजे तो पातळ होतो. एक लिटर हायड्रोजन सुटला तर त्याच वेळी चोवीस लिटरपेक्षा जास्त हवा सोबतीला हवी. संयुक्त राष्ट्रांचा 2013 सालचा जागतिक तांत्रिक नियम क्रमांक 13 सांगतो, की गाडीच्या सायलेन्सरपाशी कोणत्याही तीन सेकंदांची सरासरी 4 टक्क्यांवर जाता कामा नये, आणि 8 टक्के तर कोणत्याही क्षणी ओलांडायचे नाहीत. इंजिन सुरू करताना आणि बंद करतानासुद्धा. हे शेवटचं वाक्य मी पूर्वी भरभर वाचून पुढे जात असे.

आता शाळेच्या प्रयोगशाळेत चला. सरांना आठवत असेल. जस्ताचे तुकडे, विरल आम्ल, वाकडी काचनळी. फुगे यायला लागले की आम्हाला काडी ओढायची घाई. सर काडी हातातून काढून घ्यायचे. पहिला वायू सोडून द्यायचा, मग परीक्षानळी भरून ती उपकरणापासून लांब न्यायची आणि तिथे काडी लावून बघायची. फट् असा आवाज आला की अजून हवा आहे, थांबा. शांतपणे जळला तर शुद्ध. सुरुवात हीच धोक्याची वेळ, हे आम्हाला नववीतच कळलं होतं. मार्कही मिळाले होते.

आणि तरीही मी चूक केली. मी तेव्हा जिथे काम करत होते तिथे इंजिन बंद करण्याच्या क्रमाचा प्रोग्राम माझा होता. लाल बटण दाबलं की सगळं थांबावं, म्हणून मी कॉम्प्रेसर आधी थांबवला आणि मग आतला दाब कमी करायला झडप उघडली. फक्त दोन ओळींचा क्रम. एका संध्याकाळी चाचणी चालू असताना सहकाऱ्याने लाल बटण दाबलं आणि छपराखालचा गॅसचा भोंगा वाजला. हायड्रोजन बाहेर आला होता, त्याला पातळ करणारी हवा थांबली होती. दारं उघडी होती, पंखे चालू होते, काही पेटलं नाही. आम्ही सगळे अंगणात उभे राहिलो. कोणी काही बोलत नव्हतं.

त्याहून वाईट गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली. सायलेन्सरच्या सेन्सरच्या नोंदीत आकडा दोन टक्क्यांच्या खालीच होता! त्याआधीचे कित्येक महिने मी अशाच नोंदींखाली सही केली होती. सेन्सर खोटं बोलत नव्हता. आम्ही तो लांब नळीच्या टोकाला बसवला होता, शिवाय तो दहा सेकंदांची सरासरी दाखवायचा. हायड्रोजनचा झोत एका सेकंदात येऊन जायचा आणि सरासरीत विरून जायचा. नियम सांगतो, सेन्सर नळीच्या तोंडापासून 100 मिलिमीटरच्या आत हवा आणि 300 मिलिसेकंदांच्या आत त्याने उत्तर द्यायला हवं. तो आकडा मी वाचला होता, पण त्याचं कारण कधी विचारलं नव्हतं.

मग सगळं बदललं. आता बटण दाबलं तरी कॉम्प्रेसर बॅटरीवर काही सेकंद फिरत राहतो. हवा प्रत्यक्ष वाहते आहे असं मापकाने सांगितल्याशिवाय झडप उघडतच नाही, आणि वीज गेली तर स्प्रिंगने आपोआप मिटते. एक मोठा झोत सोडण्याऐवजी छोटे छोटे सोडतो. सेन्सर तोंडाशी आणला, तर नवीच डोकेदुखी: नळीतून गरम, ओली हवा येते, पाण्याचा थेंब बसला की सेन्सर आंधळा. मग तो गरम ठेवायची सोय केली. यातच दोन पावसाळे गेले. जुन्या नोंदींवरच्या सह्या मागे घेणारं पत्रही मी लिहिलं. ते लिहायला प्रोग्रामपेक्षा जास्त वेळ लागला.

आपल्याकडेही या गाड्यांसाठी एआयएस-157 हे मानक आहे, आणि ऑगस्ट 2022 मध्ये पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआरची फ्युएल सेल बस लोकांसमोर आली. तेव्हा गॅरेजवाल्या मित्रा, तुझा दुसरा प्रश्न गंमतीचा नव्हता: उद्या अशी बस दुरुस्तीला आली तर तुझ्या शेडमध्ये घ्यायची का? खड्डा, जॅक, कामगार यांचा विचार नंतर. आधी छप्पर बघायचं. माथ्यावर हवा जायला फट आहे की पत्रा घट्ट बसवलाय? ट्यूबलाइट आणि पंख्याची बटणं कुठे आहेत? माझी गाडी उद्या दहाची आहे. त्याआधी येऊन शेड बघते. शिडी तेवढी काढून ठेव, आणि चहा साखर कमी घालून.