ज्याचा पंच तोच

मी टीव्हीवर गोल्फ पाहतो असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी हसू येतं आणि मग प्रश्न येतो, "त्यात बघण्यासारखं काय असतं हो?" प्रश्न रास्त आहे. क्रिकेटचा गलका नाही, कुस्तीची झटापट नाही. एक माणूस चालत येतो, वाकून अंदाज घेतो, काठी फिरवतो आणि पुन्हा चालायला लागतो. चेंडू तर धड दिसतही नाही. शिवाय हा पैसेवाल्यांचा खेळ. मी गोल्फची काठी कधी हातात धरलेली नाही. तरीही पाहतो, आणि आवडीनं पाहतो. का, ते आज सांगायचं आहे.

खेळ तसा सोपा. गोट्या खेळताना पोरं जमिनीत गल करतात ना, तसंच हे भोक. रुंदी सव्वाचार इंच. त्याला होल म्हणतात. एका फेरीत असे १८ होल. प्रत्येक ठिकाणी किती फटक्यांत चेंडू आत जावा, तो आकडा ठरलेला. तो म्हणजे पार. एक फटका वाचवला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. मोठी स्पर्धा बहुधा चार दिवस चालते. ज्याचे फटके सर्वांत कमी, तो जिंकला. एवढं समजलं की टीव्हीसमोर बसायला हरकत नाही.

खरी गंमत आहे ती दोन फटक्यांमधल्या वेळात. इतर खेळांत विचार करायला सवड नसते. इथं सवडच सवड, आणि तीच वैरी. मघाशी चुकलेला फटका मनात घेऊन खेळाडूला पुढच्या फटक्यापर्यंत चालत जायचं असतं. प्रतिस्पर्धी त्याचा चेंडू अडवत नाही, हिसकावत नाही. झगडा स्वतःशीच. कॅमेरा नेमका तो चेहरा दाखवतो. समालोचकही आवाज खाली आणतो.

मुशायऱ्यात शायर शेराचा पहिला मिसरा म्हणतो आणि थांबतो. सगळी मैफल कान टवकारते. दुसऱ्या मिसऱ्यावर दाद फुटते. गोल्फमध्येही तेच आहे. २००५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ऑगस्टा इथं मास्टर्स स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, सोळाव्या होलवर टायगर वूड्सनं चेंडू भोकाच्या दिशेनं मारलाच नाही. बराच डावीकडे, चढावर टाकला. तिथून चेंडू वळला, उतारावरून हळूहळू खाली आला आणि भोकाच्या अगदी काठावर थांबला. संपलं असं वाटलं. आणि मग तो आत पडला! त्या एका क्षणाच्या थांबण्यात पहिल्या मिसऱ्यानंतरची सगळी शांतता होती. पुढे जादा होलवर वूड्स ती स्पर्धा जिंकला.

पैसेवाल्यांचा खेळ, हा आक्षेप मात्र खोटा नाही. या मैदानांची फाटकं सगळ्यांसाठी उघडत नाहीत. पण त्याच फाटकांच्या आत मजुरी करणाऱ्या माणसांनीही हा खेळ आपलासा केला. अली शेर दिल्लीत कॅडी होता, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहत होता. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला. १९९३ मध्ये पुन्हा जिंकला. शिवशंकर प्रसाद चौरासियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिरवळ राखायचे. त्या मुलानं २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकली.

पण मला या खेळाशी खरं बांधून ठेवणारी गोष्ट वेगळीच आहे. गोल्फमध्ये प्रत्येक खेळाडूमागे पंच फिरत नाही. ज्याचा पंच तोच. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्स फटक्याच्या तयारीत असताना त्याचा चेंडू किंचित हलला. आजूबाजूच्या कुणी ते पाहिलं नव्हतं. त्यानं स्वतःहून सांगितलं आणि एक फटका दंड घेतला. चार फेऱ्यांनंतर बरोबरी झाली आणि जादा फेरीत तो हरला. तो एक फटका लपवला असता तर करंडक त्याचाच होता. आम्हा लिहिणाऱ्यांना हे चांगलं समजतं. कवितेत एखादा खोटा शब्द घातला तरी टाळ्या मिळतात. पण तो खोटा आहे, हे लिहिणाऱ्याला माहीत असतं.

मग टीव्हीसमोर बसलेल्या प्रेक्षकाचं काम काय? हा प्रश्न २०१७ मध्ये अगदी रोकडा उभा राहिला. महिलांच्या एका मोठ्या स्पर्धेत अमेरिकेची लेक्सी थॉम्पसन शेवटच्या दिवशी आघाडीवर होती. आदल्या दिवशी तिनं चेंडू उचलून परत ठेवताना तो किंचित बाजूला ठेवला होता. ते टीव्हीवर पाहणाऱ्या एका प्रेक्षकानं ईमेलनं कळवलं. ऐन खेळात तिला चार फटक्यांचा दंड सांगण्यात आला. रडत रडत ती खेळली, बरोबरी साधली आणि जादा होलवर हरली. चूक झाली होती, नियमही स्पष्ट होता. तरी मला वाटतं, घरात बसून रसिक व्हावं, पहारेकरी होऊ नये. खेळाचे नियम करणाऱ्या संस्थांनाही ते पटलं असावं. २०१८ पासून प्रेक्षकांच्या अशा तक्रारी विचारात घेणं त्यांनी बंद केलं.

रसिक होणं म्हणजे काय, ते आपल्या देशानं ७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी अनुभवलं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक तीन फेऱ्यांनंतर दुसऱ्या स्थानावर होती. जागतिक क्रमवारीत दोनशेवी. त्याच वर्षी कोविडमधून उठलेली. फटका इतरांपेक्षा आखूड. काठ्यांची पिशवी वाहायला तिची आईच सोबत होती. बर्डी म्हणजे काय हे ज्यांना आदल्या दिवशी ठाऊक नव्हतं, ती माणसं त्या सकाळी टीव्हीसमोर श्वास रोखून बसली. मधेच वादळानं खेळ थांबला, तरी कुणी उठलं नाही. शेवटच्या होलवर दूरवरून मारलेला तिचा बर्डीचा चेंडू आत गेला असता तर पदकाची आशा जिवंत राहिली असती. तो गेला नाही. चार दिवस, २६९ फटके, आणि एका फटक्यानं पदक हुकलं. चौथा क्रमांक.

त्याच संध्याकाळी नीरज चोप्रानं भालाफेकीत सुवर्णपदक जिंकलं आणि देश आनंदानं वेडा झाला. ते योग्यच होतं. पण सकाळची ती शांतता मला अजून मोलाची वाटते. विजय नसताना, पदक नसताना, एका मुलीचा संयम पाहायला लाखो माणसं गप्प बसून राहिली होती.

फेरी संपली की गोल्फपटू आपल्या फटक्यांचा कागद होल होल करत तपासतो आणि खाली सही करतो. इतके फटके लागले, कमी नाहीत, जास्त नाहीत. कॅमेरा बहुधा तोवर विजेत्याकडे वळलेला असतो. मला मात्र हरलेल्याची ती सही पाहायला आवडते.