पक्ष, साध्य आणि वकील
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)

१९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सकाळपासून सगळ्यांनी मुलांच्या, नोकरीच्या गोष्टी सांगितल्या. मी वकील शोधल्याची गोष्ट सांगणार आहे. माझा धाकटा भाऊ, आपल्याच शाळेचा, तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याला विचारूनच बोलते आहे.

अंबडला त्याचा जॉब वर्कचा लहान कारखाना होता. कोविडनंतर ऑर्डरी थांबल्या, हप्ते थकले. कर्जाला तारण होतं इथलं, द्वारकेजवळचं आईबाबांचं घर. जामीनदार मी. दिवसभर कोडमधल्या चुका शोधणारी मी, पण ते कागद न वाचताच सह्या केल्या होत्या.

एका रविवारी पुण्याहून आले, तेव्हा कपाटाच्या खणात न उघडलेलं पाकीट सापडलं. भाऊ म्हणाला, "ताई, दिवाळं काढतो आणि मोकळा होतो." आई आत जाऊन रडत बसली. आपल्याकडे हा शब्द शिवीसारखाच वापरतात ना!

आता वकील कुठून आणायचा? 'दिवाळखोरीचे वकील' अशी पाटी नाशकात मला कुठे दिसली नाही. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, हे तेव्हा कळलं. शेवटी आपल्याच वर्गातल्या वकील मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "मी फौजदारी बघते, हे माझं काम नाही." आणि दोन नावं दिली. तिचं ते 'नाही' फार मोलाचं होतं.

पहिल्यांनी कागद न बघताच सांगितलं, "सगळं माफ करून देतो, जेवढं वाचेल त्यातला हिस्सा द्या." निकालावर अशी फी ठरवणं वकिलांच्या नियमांत बसत नाही. आम्ही नमस्कार करून उठलो.

दुसरे भेटले सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात. त्यांचा पहिला प्रश्न, "मॅडम, नोटिशीवर तारीख काय आहे?" मग कोऱ्या कागदावर कर्ज किती, कोणाचं, तारण काय, जामीनदार कोण, हे लिहून काढलं. मला भूमितीचा तास आठवला. आधी पक्ष, मग साध्य, आणि मगच सिद्धता! बाई, तुम्ही 'पक्ष' न लिहिल्याबद्दल कापलेले गुण तिथे समजले.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात सांगते. २०१६ चा दिवाळखोरीचा नवा कायदा मुख्यतः कंपन्यांना लागू झाला आहे. व्यक्तींपैकी कंपनीला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच. भावाचा धंदा एकट्याच्या नावावर. त्याला नादारीचा अर्ज करायचा तर तो १९२० च्या जुन्या कायद्याखाली, जिल्हा न्यायालयात. मुंबईला १९०९ चा वेगळा कायदा आहे. पण नादार ठरला तरी घर वाचणार नव्हतं, कारण तारण असलेल्या धनकोचा त्या वस्तूवरचा हक्क कायम राहतो. म्हणजे आम्ही ज्यासाठी वकील शोधत होतो, तेच त्यांनी करू नका म्हणून सांगितलं.

खरा प्रश्न त्या पाकिटाचा होता. २००२ च्या सरफेसी कायद्याची ती नोटीस. तारखेपासून ६० दिवसांची मुदत, त्यातले २३ खणातच गेले होते. मुदतीत लेखी हरकत दिली की १५ दिवसांत उत्तर देणं धनकोला बंधनकारक असतं. ताब्याची कारवाई झालीच, तर कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायला ४५ दिवस. वकिलांनी फी टप्प्याटप्प्याने लिहून दिली, वकीलपत्र वाचून दाखवलं आणि मगच सही घेतली. पुढे यंत्रं विकली, माझी ठेव मोडली, तडजोडीची रक्कम ठरली. कारखाना गेला, घर राहिलं. भाऊ आता नोकरी करतो.

फी परवडत नाही म्हणून कोणी थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायालयातच आहे. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

मित्रांनो, या सभागृहातही कोणाच्या तरी कपाटात असं पाकीट असेल. भावाने ते २३ दिवस लाजेपायी घालवले. तुम्ही घालवू नका. आज रात्री घरी जाऊन ते उघडा, तारीख बघा. एकट्याने उघडवत नसेल, तर मला फोन करा. आपण दोघं मिळून वाचू.