दप्तराचे स्थलांतर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत मोठमोठ्या विषयांचा ऊहापोह होत असतो. आज आम्ही जो विषय घेऊन उभे आहोत, तो त्या मानाने किरकोळ आहे. सर्व्हरमधल्या लहान डिस्क काढून तेथे मोठ्या डिस्क कशा बसवाव्या, एवढाच तो विषय. आम्ही इंजिनिअर नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण लवकर थांबले. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, मिळेल ते वाचून आणि जाणत्याला विचारून झाले. तरीही हा विषय निवडला, कारण या कामात आमची एक मोठी चूक उघडकीस आली, आणि तिची किंमत आम्हांला नव्हे, आमच्यापेक्षा गरीब माणसांना मोजावी लागली असती.

ही माणसे कोण, ते आधी सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या, आणि पुष्कळ लढ्यानंतर त्या जमिनींवर कामगारांसाठी काही घरे देण्याची योजना आली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता, त्याला अथवा त्याच्या वारसाला अर्ज करता आला. परंतु पटावर होता हे सिद्ध कशाने करायचे? तिकीट नंबरचा पास, पगाराची चिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, अशा कागदांनी. हे कागद चाळीतल्या खोलीत पत्र्याच्या पेटीत राहिले. कित्येकांना वाळवी लागली, आणि २६ जुलै २००५च्या महापुरात कित्येक वाहून गेले. म्हणून आमच्या कचेरीने ज्याच्याजवळ जे होते त्याची छायाप्रत काढून सर्व्हरवर ठेवली. आज काही विधवांच्या हाती मूळ कागद नाही. आमच्याकडची प्रत हाच त्यांचा पुरावा.

त्या सर्व्हरमध्ये ५०० गिगाबाइटच्या दोन डिस्क होत्या. पहिलीवर जे लिहिले जाई तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाई. याला मिररिंग म्हणतात. एक डिस्क बिघडली तर दुसरी काम चालू ठेवते, म्हणून पुष्कळांना वाटते की आपल्याकडे दोन प्रती आहेत. हा भ्रम आहे. आरशापुढच्या माणसाने टोपी काढली की आरशातलाही काढतो. चुकून एक कागद पुसला, तर तो दोन्हींवरून एकाच वेळी पुसला जातो.

हे आम्ही जाणून होतो. म्हणून रोज रात्री बाहेरच्या एका डिस्कवर वेगळी प्रत काढण्याची व्यवस्था केली होती. सकाळी हिरवा दिवा दिसला की आम्ही निश्चिंत. जागा संपत आली आणि मोठ्या डिस्क घ्यायचे ठरले, तेव्हा एका कामगाराचा मुलगा मदतीला आला. त्याने पहिलाच प्रश्न केला, “भाऊ, यातून कधी काही परत काढून पाहिलंत का?” नव्हते पाहिले. पाहिले तेव्हा आमच्या तोंडचे पाणी पळाले. आठ महिन्यांपूर्वी आम्ही नवे कागद दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवू लागलो होतो, आणि रात्रीची व्यवस्था बिचारी जुन्याच फोल्डरची प्रत इमानाने काढीत होती. आठ महिन्यांच्या कागदांना दुसरी प्रतच नव्हती! नुकसान झाले नाही; पण त्याचे श्रेय आमचे नव्हे, नशिबाचे.

ही चूक अडाण्यांचीच असते असे नाही. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रॅमरांचे काम सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा सुमारे ३०० गिगाबाइट मजकूर पुसला. प्रती शोधू लागले तो नेहमीची प्रत निघतच नव्हती असे आढळले, आणि ती निघत नसल्याचे इशारेही कोणापर्यंत पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी कोणी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेली एक प्रत होती, तिने लाज राखली. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र गेल्या. ही हकीकत कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केली, हे तिला भूषणावह आहे.

आता प्रत्यक्ष काम कसे केले ते सांगतो. नुसत्या फायली उचलून नव्या डिस्कवर टाकल्या तर सर्व्हर सुरू होत नाही. घर बदलताना भांडी नेली आणि चूल विसरली, तशातला प्रकार. म्हणून संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत, जिला इमेज म्हणतात, ती काढावी लागते. आम्ही क्लोनझिला हे तैवानमध्ये तयार झालेले विनामूल्य सॉफ्टवेअर वापरले. शनिवारी कचेरी मिटल्यावर सर्व्हर बंद केला आणि पेनड्राइव्हवरून क्लोनझिला चालू केले. कारण हिशेब चालू असताना वही नकलली तर अर्धी बेरीज जुनी आणि अर्धी नवी अशी गत होते. इमेज बाहेरच्या डिस्कवर घेतली. क्लोनझिलाने ती तपासून ठीक असल्याचे सांगितले. तेवढ्यावर आम्ही विसंबलो नाही. एका जुन्या संगणकातल्या रिकाम्या डिस्कवर ती उतरवली आणि वीस कामगारांचे कागद एकेक उघडून पाहिले.

युनियनचे काम करणाऱ्याला यात नवे काही नाही. करारावर सह्या झाल्या म्हणजे पगारवाढ मिळाली असे आम्ही कधी मानत नाही. वाढीव पगार कामगाराच्या हातात पडला, म्हणजे मिळाली.

मग जुन्या दोन्ही डिस्क बाहेर काढल्या, त्यांवर ‘पहिली’ व ‘दुसरी’ अशा चिठ्ठ्या लावल्या आणि कपाटात कुलूपबंद केल्या. नव्या दोन बसवून त्यांचे मिररिंग जुळवले आणि इमेज उतरवली. सर्व्हर सुरू झाला, पण जागा जुनीच, ५०० गिगाबाइट! घाबरू नये. इमेज आपली जुनी कुंपणेही बरोबर आणते. बाकीची जमीन पडीक दिसते, कुंपण सरकवून ती आत घ्यावी लागते. आणखी एक खाचखळगा सांगतो. जुन्या पद्धतीच्या विभागणीला साधारण २ टेराबाइटपलीकडची जागा दिसतच नाही. आम्ही २ टेराबाइटच्याच डिस्क घेतल्या म्हणून निभावले. त्याहून मोठ्या घ्यायच्या तर विभागणीची पद्धत आधी बदलावी लागते.

जुन्या डिस्क आम्ही दोन महिने पुसल्या नाहीत. काही बिनसले असते तर त्या परत बसवून सोमवारी कचेरी उघडता आली असती. पुढे जाताना परतीची वाट मोडू नये, हा या कामातला पहिला नियम. दुसरा नियम पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराच्या नावाने सांगितला जातो: प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी असावी. ज्या पाण्याने चाळीतल्या पेट्या नेल्या, ते आमच्या कचेरीतही शिरू शकते. म्हणून आमची तिसरी प्रत आता दुसऱ्या गावी असते.

श्रोतेहो, आपणांपैकी कोणाच्या दुकानाचा हिशेब, कोणाच्या सोसायटीचे दप्तर, कोणाच्या आईवडिलांचे फोटो अशाच एखाद्या डिस्कवर असतील, आणि प्रत आहे अशी आपली खात्रीही असेल. आमची विनंती एवढीच, की आज घरी गेल्यावर त्या प्रतीतून एक जुनी गोष्ट परत काढून पाहा. जी परत येत नाही ती प्रत नव्हे. आमच्या कचेरीत हे काम आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होते, आणि दर वेळी निराळ्या कामगाराचा कागद उघडला जातो. तो उघडला, त्यावरचा तिकीट नंबर वाचता आला, की मगच आम्ही हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवतो.