पाळणा हलण्यापूर्वी



विवाहाला दोन-तीन वर्षे झाली की आपल्याकडे घराघरांतून एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जाऊ लागतो. हळदीकुंकवाला आलेली शेजारीण तो विचारते, गावाकडून आलेली आत्या विचारते आणि कोणी उघड विचारला नाही, तरी वडीलधाऱ्यांच्या नजरेत तो वाचता येतो. नवलाची गोष्ट अशी की, हा प्रश्न बहुधा सुनेलाच विचारला जातो. मग तिच्या तपासण्या सुरू होतात, तिचे उपवास वाढतात, तिला काढे आणि पुड्या दिल्या जातात. त्याच वेळी घरातील मुलगा तळहातावर तंबाखू मळत असतो किंवा गच्चीवर जाऊन सिगारेट ओढत असतो आणि त्या पुडीचा, त्या धुराचा या प्रश्नाशी काही संबंध असेल, अशी शंकादेखील कोणाच्या मनाला शिवत नाही. आजच्या विषयाचे मर्म या विसंगतीत आहे.

अपत्यप्राप्तीत अडचण येणे ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेसतरा टक्के, म्हणजे साधारणतः सहांपैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात केव्हातरी हा अनुभव येतो. एक वर्ष नियमित सहवास असून आणि संततिनियमनाचे कोणतेही साधन न वापरता गर्भधारणा झाली नाही, तर तिला वैद्यकशास्त्र वंध्यत्व म्हणते. अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा काही ना काही वाटा असतो. ज्या शब्दाने पिढ्यानपिढ्या केवळ स्त्रीला हिणवले गेले, त्या शब्दाचा निम्मा भार मुळात पुरुषाचा होता, असा याचा सरळ अर्थ आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेसाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. योग्य काळ, निरोगी भूमी, पोषण देणारे पाणी आणि सकस बी एकत्र आले म्हणजे जसा अंकुर फुटतो, तसा गर्भ राहतो, असा तो दृष्टान्त आहे. आधुनिक विज्ञानातील सारे काही ग्रंथांत आधीच होते, असा दावा करण्याचे येथे कारण नाही. परंतु शेती पाहिलेल्या समाजाला ही चौकट चटकन समजते आणि दैनंदिन सवयींचा विचार तिच्या आधारे नीट मांडता येतो.

प्रथम बीज पाहू. पुरुषाच्या शरीरात शुक्राणू घडण्यास सुमारे ७२ ते ७४ दिवस लागतात आणि पुढे परिपक्व होऊन बाहेर पडण्यास आणखी काही दिवस जातात. म्हणजे आज जे बीज आहे, ते तीन महिन्यांपूर्वीच्या दिनचर्येचे फळ असते. यात इशारा आहे, तसाच मोठा दिलासाही आहे. आज सोडलेल्या व्यसनाचा हिशेब शरीर तीन महिन्यांत देऊ लागते.

या बीजाचा पहिला शत्रू तंबाखू. तंबाखूमुळे शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते, त्यांतील आनुवंशिक द्रव्याला इजा पोहोचते. २०१६-१७ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ व्यक्ती धूर न होणारा, म्हणजे चघळण्याचा वा घासण्याचा तंबाखू वापरतात, असे आढळले. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली; परंतु सुपारी आणि तंबाखू यांचा संसार मोडला नाही, तो वेगवेगळ्या पुड्यांतून चालूच राहिला. ‘मी सिगारेट ओढत नाही, नुसता तंबाखू खातो’ हे समर्थन म्हणूनच फसवे आहे. स्त्रियांनाही यातून सूट नाही. खेड्यांतून आणि शहरांतील वस्त्यांतून सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने लावली जाणारी मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच होय. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची रजोनिवृत्ती इतरांपेक्षा लवकर येते. स्त्रीच्या बीजकोषातील ठेव जन्मतःच मिळालेली असते. तंबाखू ती ठेव वेगाने खर्च करतो.

बीजाचा दुसरा शत्रू उष्णता. पुरुषाच्या वृषणांचे तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असावे लागते. निसर्गाने ते शरीराबाहेर ठेवले ते याचसाठी. २००५ मध्ये अमेरिकेत २९ निरोगी तरुणांवर झालेल्या एका अभ्यासात तासभर मांडीवर लॅपटॉप ठेवून काम केल्यास हे तापमान अडीच अंशांहून अधिक वाढते, असे दिसून आले. हिंजवडीत किंवा ऐरोलीत दिवसभर काम करून घरी आल्यावर पुन्हा मांडीवर यंत्र घेऊन बसणाऱ्या तरुणाने एवढे तरी करावे, की ते मेजावर ठेवावे. रोजचे कढत पाण्याचे टबस्नान आणि सतत घट्ट कपडे यांबाबतही हाच विवेक हवा. भट्टीपुढे उभे राहणाऱ्यांनी आणि तासन् तास वाहन चालविणाऱ्यांनी अधूनमधून उठून मोकळ्या हवेत जावे.

तिसरी गोष्ट अधिक चिंतेची, कारण ती बलोपासनेच्या वेषात येते. शरीर कमावण्यासाठी व्यायाम करणे सर्वथा स्तुत्य. परंतु काही जिममधून तरुणांना जी इंजेक्शने आणि गोळ्या मिळतात, त्यांत टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्यासारखी स्टेरॉइड द्रव्ये असतात. बाहेरून हे संप्रेरक मिळू लागले की मेंदू वृषणांना दिला जाणारा आदेश थांबवितो आणि शुक्राणूंची निर्मिती अगदी शून्यावर येऊ शकते. औषध बंद केल्यावर ती पूर्ववत होण्यास अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. पुरुषार्थाचे प्रदर्शन करण्याच्या नादात पितृत्वच गमवावे, यासारखा दैवदुर्विलास दुसरा नाही. दंडबैठका आणि सूर्यनमस्कार यांना अशा सुईची गरज कधीच पडली नाही.

आता क्षेत्र, म्हणजे शरीर. येथे मुख्य प्रश्न वजनाचा आहे. चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. ती संप्रेरकांच्या कारभारात ढवळाढवळ करते. वजन अतिरिक्त वाढले की अनेक स्त्रियांत स्त्रीबीज दर महिन्याला बाहेर पडण्याचा क्रम बिघडतो. पीसीओएस या नावाने आज घरोघरी परिचित झालेल्या विकारात हेच घडते. परंतु त्यासाठी सडपातळ होण्याची अट नाही. वजन मुळातच अधिक असलेल्या स्त्रीने ते पाच ते दहा टक्क्यांनी उतरविले, तरी पुष्कळदा पाळी नियमित होऊ लागते. ८० किलो वजनाच्या स्त्रीने चार ते आठ किलो कमी करणे एवढाच याचा अर्थ. आशियाई लोकांत जोखीम लवकर सुरू होते. म्हणून भारतीयांसाठी २३ च्या पुढचा देहभार निर्देशांक अधिक मानला जातो. पुरुषाचे सुटलेले पोट हा मात्र आपल्याकडे सुखवस्तूपणाचा दाखला समजला जातो. त्या पोटामुळेही संप्रेरकांचा समतोल ढळतो, हे ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या टोकालाही धोका आहे. फार कृश स्त्रीचे शरीर गर्भ पोसण्याची ऐपत नाही असे समजून बीज सोडणेच थांबवते. अपत्यासाठी कडक उपवास धरणाऱ्या सुनेला म्हणूनच घरातील वडीलधाऱ्यांनी प्रेमाने आवरले पाहिजे. दिवसभर उपाशी राहून रात्री साबुदाण्याची खिचडी खाण्यात ना पोषण आहे, ना वजनाचे नियमन. श्रद्धा जपावी, पण तिच्यासाठी शरीर झिजवू नये.

निद्रा हादेखील क्षेत्राचाच भाग होय. २०११ मध्ये शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी दहा तरुणांना आठवडाभर रात्री केवळ पाच तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन दिवसा दहा ते पंधरा टक्क्यांनी घटले. अभ्यास लहान होता, पण त्याची दिशा स्पष्ट होती. रात्रपाळी ज्यांच्या नशिबी आहे, त्यांना ती एकाएकी सोडता येत नाही. परंतु रात्रपाळी नसताना मध्यरात्रीपर्यंत मोबाइलमध्ये डोके घालून बसणे आपल्या हातात आहे.

तिसरे अंबू, म्हणजे पोषण. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत, असे २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने दाखविले. सर्वांच्या शेवटी, उरलेल्यावर जेवणारी गृहिणी हे केवळ त्यागाचे चित्र नव्हे, ते उद्याच्या पिढीच्या कुपोषणाचेही चित्र आहे. नाचणीची भाकरी, डाळी, मोडाची कडधान्ये, पालेभाजी, ताक, शेंगदाणे आणि हंगामी फळे या आपल्या स्वयंपाकघरातील वस्तूंनी पुष्कळ काही साधते. त्याखेरीज, मूल हवे असे ठरविलेल्या प्रत्येक स्त्रीने गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी घ्यावी आणि गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ती चालू ठेवावी. बाळाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा पाया गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत, म्हणजे कित्येकदा बातमी कळण्यापूर्वीच, घातला जातो. पाळी चुकल्यानंतर गोळी सुरू करणे म्हणजे पेरणी झाल्यावर नांगरट करणे होय. दोन-तीन कप चहाची भीती बाळगू नये. पण दिवसभर चहा-कॉफीचा रतीब नको. मद्य मात्र दोघांनीही बाजूला ठेवावे. आणि ज्या पुडीवर घटकद्रव्ये लिहिलेली नाहीत, ती कोणाच्याही शिफारशीवरून घेऊ नये; मुलगाच होईल असे सांगून दिली जाणारी तर मुळीच नाही.

शेवटी ऋतू, म्हणजे काळ. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध संशोधनात २२१ स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, अशा सहा दिवसांतील सहवासातूनच गर्भधारणा होते, असा त्याचा निष्कर्ष होता. चौदावा दिवस सर्वांना लागू पडतो, हा समज चुकीचा आहे. बीज साधारणतः पुढील पाळीच्या चौदा दिवस आधी बाहेर पडते. म्हणून ज्या स्त्रीची पाळी ३५ दिवसांनी येते, तिच्यासाठी तो दिवस एकविसावा ठरतो. पती मुंबईत आणि पत्नी नाशिकला, भेट महिन्यातून दोन रविवारी, अशा संसारात कोणताही दोष नसताना वर्ष निघून जाते. दिवसांचे गणित करून ताण वाढविण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी सहवास असावा, हा साधा नियम पुरेसा आहे. त्यासाठी पती-पत्नींना एकत्र राहू देण्याची सोय मात्र कुटुंबाला करावी लागेल.

काळाचा दुसरा अर्थ वय. स्त्रीच्या पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि गुणवत्ता वेगाने उतरते. चाळिशीनंतर पुरुषालाही वय जाणवू लागते. याचा दोष मुलींच्या शिक्षणाला देणे अन्यायाचे ठरेल. शिक्षण, नोकरी आणि अपत्य यांचा मेळ घालता येईल असे घर आपण देतो का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

एवढे सांगितल्यावर एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. सवयी सुधारल्या म्हणजे मूल होईलच, असे नाही. क्षयरोगाने बंद झालेल्या गर्भनलिका, थायरॉइडचे विकार, शुक्राणूंचा मार्ग अडणे यांवर चालणे आणि पालेभाजी हा उपाय नव्हे. म्हणून एक वर्षात, आणि पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच, दोघांनी मिळून तज्ज्ञाकडे जावे. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित तपासणी आहे. तरीही पत्नीच्या अनेक तपासण्या होऊन गेल्यावर ती केली जाते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून परीक्षानळी तंत्राने कन्या जन्मली, त्याला आता चार दशके होत आली. उपचारांचे दार तेव्हापासून उघडे आहे. त्या दारातून जाण्यात कमीपणा नाही. आणि सारे करूनही कूस उजवली नाही, तर ते दांपत्य अपुरे ठरत नाही. दत्तकाचा मार्ग आपल्या परंपरेला अपरिचित नाही.

‘ताण घेऊ नकोस, होईल सगळे’ असे सुनेला सांगणे सोपे असते. तो ताण ज्या प्रश्नांनी निर्माण केला, ते प्रश्न थांबविणे अवघड असते. तेच करायचे आहे. वडिलांनी मुलाला त्याच्या पुडीबद्दल विचारावे. सासूने सुनेच्या ताटाकडे पाहावे. ओटी भरताना कोणाला वगळू नये. मूल दोघांचे असते, त्याची वाट पाहणेही दोघांचे असते. मग त्यासाठीचे पथ्य एकटीनेच का पाळावे? येत्या तीन महिन्यांत प्रत्येक घरातील पुरुषाने याचे उत्तर शब्दांनी नव्हे, तर आपल्या दिनचर्येने द्यावे, एवढीच अपेक्षा.