सेऊलच्या राजवाड्यातील तरुणाई

कोरियन गाणी आणि मालिकांचे वेड आपल्याही घरांत शिरले आहे. त्यावर नाके मुरडण्यापूर्वी सेऊलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्याकडे पाहावे. १३९५ सालचा हा राजवाडा १५९२ च्या जपानी आक्रमणाच्या वेळी भस्मसात झाला, एकोणिसाव्या शतकात पुन्हा उभारला गेला. १९१० नंतर जपानी सत्तेने त्यातील बहुतेक वास्तू पाडल्या आणि प्रांगणातच आपले मुख्यालय बांधले. ते पाडण्यास कोरियाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी, मुक्तीच्या सुवर्णमहोत्सवी दिनी, प्रारंभ केला. तारीख आपल्याही परिचयाची!

आज तेथे 'हानबोक' हा पारंपरिक वेश परिधान करून येणाऱ्यास प्रवेशशुल्क पडत नाही. जवळच्या दुकानांत तो तासांच्या हिशेबाने भाड्याने मिळतो. महाविद्यालयीन मुले-मुली तो हौसेने घालतात, छायाचित्रे काढतात. हे भाड्याचे वेश भडक, घेरदार आणि मूळ पद्धतीशी विसंगत, अशी जाणकारांची तक्रार आहे. २०१८ मध्ये त्यावरून वादही झाला. तक्रार रास्तच आहे. तथापि तेवढ्यासाठी त्या मुलांना दारातून परत पाठवावे, असे मला वाटत नाही. वेश कसा असावा, हे त्यांना पुढे शिकवता येईल. या स्वस्त मालापुढे मूळ हानबोक शिवणारे कारागीर कसे तगणार, हा प्रश्न मात्र उरतो.