राजगड, रायगड आणि आजीच्या कानाचं मशीन

भोरमधून बोलतोय. मागे पंखा चालू आहे, स्वयंपाकघरात कुकर आहे. मधेच शिट्टी ऐकू आली तर ती एडिट करायचा मी कंटाळा केला असं समजा.

तर झालं असं. १३ मार्च २०२४ ला राज्य मंत्रिमंडळानं अहमदनगरचं अहिल्यानगर करायला मंजुरी दिली. टीव्हीवर दिवसभर तेच. पण त्याच दिवशी आमच्या शेजारच्या वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायलाही मंजुरी मिळाली. ही बातमी खालच्या पट्टीवर दोनदा सरकली आणि गेली. माझं आजोळ वेल्ह्याचं, तोरण्याच्या पायथ्याचं, म्हणून मला तेवढी दिसली.

नावाला माझी ना नाही हां. राजगड म्हणजे राजगड! पंचवीसेक वर्षं स्वराज्याची राजधानी होता तो. पण आमच्याकडे राजगड या नावाचा आधीच थोडा गोंधळ आहे. राजगड पोलीस ठाणं कुठं? नसरापूरला, तालुका भोर. राजगड सहकारी साखर कारखाना? निगडे, तालुका भोर. किल्ला मात्र वेल्ह्यात. म्हणजे आता कुणी 'मी राजगडला आहे' म्हणालं, की तो ट्रेकला गेलाय, ऊस घालायला गेलाय की पोलिसांनी बोलावलंय, हे विचारून घ्यावं लागतं.

आणि खरा घोळ मोबाईलमध्ये आहे. राजगड इंग्रजीत लिहा. आता त्यातला 'जे' काढून 'आय' टाका. झालं रायगड! एका अक्षरात तुम्ही सह्याद्री उतरून थेट कोकणात. माझ्या फोनचा कीबोर्ड तर माझ्यापेक्षा जास्त इतिहासप्रेमी आहे, तो राजगड लिहूच देत नाही.

२०२५ च्या जुलैत आजीच्या कानाचं मशीन बिघडलं. दुरुस्तीला पुण्याला दिलं, तिथल्या माणसानं सांगितलं की कुरिअरनं घरी पाठवतो, पत्ता मेसेज करा. मी केला. बसमध्ये उभ्या-उभ्या, एका हातानं. तालुका राजगड, नवीन नाव, अगदी अभिमानानं. पिनकोडही टाकला, पण शेवटचे दोन आकडे उलटे. दोन दिवसांनी ट्रॅकिंगवर बघतो तर पार्सल महाडला!

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. मधे एक डोंगर. पण पावसाळ्यात दरडींमुळे तो घाट बंद. आकाश मोकळं असेल तर तोरण्यावरून रायगड दिसतो, म्हणजे पार्सल जवळजवळ नजरेच्या टप्प्यात होतं, फक्त येत नव्हतं. कस्टमर केअरच्या ताईंना मी हे सगळं भूगोलासकट सांगितलं. त्या म्हणाल्या, 'सर, सिस्टीममध्ये रायगड दिसतंय.'

त्याच आठवड्यात, ११ जुलैला, मराठा लष्करी किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. बारा किल्ले, त्यात राजगडही आणि रायगडही. माझ्या कॉन्टॅक्टमधल्या निम्म्या लोकांनी स्टेटसला लिहिलं रायगड आणि खाली फोटो टाकला राजगडाच्या सुवेळा माचीचा. एरवी मी प्रत्येकाला रिप्लाय करून चूक दाखवली असती. त्या वेळी कुठल्या तोंडानं दाखवू?

इकडे आजी. पहिले चार दिवस टीव्हीचा आवाज वाढवला. मग टीव्ही लावणंच बंद केलं. जेवताना सगळे हसले की तीही हसायची, पण जरा उशिरा, आमच्या तोंडाकडे बघून. मामी म्हणाली, 'आत्या हल्ली ओट्यावर बसत नाहीत, बायका बोलतात ते कळत नाही म्हणून.' त्या दिवसापासून ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट मी गंमत म्हणून कुणाला पाठवला नाही.

रात्री झोप येईना म्हणून पिनकोडबद्दल वाचत बसलो. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, आणि तो तयार केला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. आपला मराठी माणूस, टपाल खात्यात अधिकारी आणि संस्कृतात कविता-नाटकं लिहिणारा! कारण काय, तर देशात एकसारख्या नावांची गावं फार आणि पत्ते नाना लिप्यांत लिहिलेले. म्हणजे माझ्यासारख्यांसाठीच केला होता, आणि मी आकडे उलटे टाकले.

अजून एक. राजगड हेही मूळ नाव नाही. तो मुरुंबदेवाचा डोंगर. महाराजांनी किल्ला बांधला आणि राजगड नाव दिलं. ते लोकांच्या तोंडी असं बसलं की मुरुंबदेव आता अभ्यासकांनाच आठवतो. पण महाराजांनीच तोरण्याला प्रचंडगड नाव दिलं. आता वेल्ह्याच्या स्टँडवर उतरून 'प्रचंडगडाची वाट कुठली?' विचारा. सांगतील, पण आधी तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघतील. पानशेतचं तानाजीसागर झालं, आम्ही म्हणतो पानशेत. आमच्या भोरच्या धरणाला इंग्रजांनी लॉईड नाव दिलं, पुढे जलाशयाला येसाजी कंकांचं नाव मिळालं, आणि लोक म्हणतात भाटघर. कुठलं नाव चिकटेल आणि कुठलं निसटेल, हे लोकच ठरवतात, आणि ते कधी बैठक घेऊन ठरवत नाहीत.

पार्सल शेवटी एकोणिसाव्या दिवशी आलं. महाड, मग पुणे, मग वेल्हे. डिलिव्हरीवाल्या पोराचा फोन आला, 'दादा, हे राजगड म्हंजे नक्की कुठं यायचं?' मी म्हटलं, 'वेल्ह्याला ये.' 'मग तसं लिवायचं ना!' म्हणाला.

आजीनं मशीन कानात घातलं, थोडी खरखर झाली, मग तिचा चेहरा सैल झाला. पहिलं वाक्य मामीला, 'कुकर झालाय गं, बंद कर.' मग मला विचारलं, 'कुठं होतं रे इतके दिस?'

म्हटलं, 'रायगडला.'

म्हणाली, 'बघ. मला नेतो-नेतो म्हणत तुझा आजा गेला, आन् हे माझ्या आधी जाऊन आलं.'

दिवाळीनंतर घाट सुरू झाल्यावर तिला घेऊन गेलो, रोपवेनं. त्याचा किस्सा पुढच्या भागात. चला, इकडेही कुकर झालाय.