सिमेंटचे पोते आणि वकील

जयपूरची ख्याती गुलाबी भिंतींची. पण 1983 साली तेथे भिंतीचा एक निराळा उपयोग झाला. खेड्यापाड्यांतील लोकांस त्यांचे हक्क कळावेत म्हणून 'ग्राम गदर' नावाचे हिंदी भित्तिपत्र तेथून निघू लागले, आणि त्यातूनच 'कट्स' ही ग्राहकांची संस्था वाढली. पुढे तिची दृष्टी बाजारातील मक्तेदारीकडे वळली. 2000 सालानंतर तिने भारतासह सात देशांतील स्पर्धाविषयक कायद्यांची तौलनिक पाहणीही केली.

ग्राहकाची ही बाजू न्यायासनापुढे मांडायची तर वकील हवा. समजा, काही कारखानदारांनी एकत्र बसून सिमेंटचा भाव ठरविला आणि घर बांधणाऱ्यास पोत्यामागे चार रुपये अधिक पडले. चार रुपयांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? शहाण्याने ती चढू नये, असेच आपल्याकडे सांगतात. पण लाखो लोकांचे चार रुपये एकत्र केले की दावा उभा राहतो. अमेरिकेत 1890 च्या शर्मन कायद्याने असले संगनमत निषिद्ध ठरले. सिद्ध झालेल्या नुकसानीच्या तिप्पट भरपाई तेथे मिळते, आणि 1966 पासून समूहाच्या वतीने दावा लावण्याची वाटही रुंद झाली. तेथील वकील पुष्कळदा पदरचा पैसा घालून वर्षानुवर्षे लढतो. जिंकला तर भरपाईतून त्यास मेहनताना मिळतो, हरला तर हात हलवीत परततो. धंदा म्हणून पाहिले तर हा जुगारच!

आपल्याकडे हा जुगार खेळताच येत नाही. निकालावर अवलंबून फी ठरविण्यास वकील परिषदेच्या नियमांची मनाई आहे. ह्या मनाईमागे व्यवसायाची प्रतिष्ठा आहे खरी; पण लहान ग्राहकाचा वकील त्यामुळे दुर्मीळ झाला, हेही तितकेच खरे.

सिमेंटचेच उदाहरण घ्या. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जून 2012 मध्ये अकरा कंपन्यांस सहा हजार कोटींहून अधिक दंड केला. डिसेंबर 2015 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला. कारण आदेशावर सही करणारे अध्यक्ष युक्तिवादाच्या सुनावणीस हजर नव्हते. ऑगस्ट 2016 मध्ये आयोगाने पुन्हा दंड केला, जुलै 2018 मध्ये तो अपिलात कायम झाला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वकिलाच्या उमेदीची सहा वर्षे एवढ्यातच सरली.

ह्यात पोते विकत घेणाऱ्याच्या हाती काय पडते? दंडाची रक्कम जाते सरकारी तिजोरीत. कायद्याच्या 53-एन ह्या कलमान्वये सारख्याच हिताच्या अनेकांच्या वतीने एकाने भरपाई मागावी, अशी सोय आहे. पण आधी आयोगाचा निष्कर्ष हवा, मग नुकसानीचा हिशेब. आणि हिशेबातच खरी मेख आहे. पोते घेतो कंत्राटदार, वाढीव भाव सोसतो घराचा मालक. मग नुकसान कोणाचे? काँक्रीटच्या विटांच्या अशाच एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सांगितले, की ज्याने कारखानदाराकडून थेट खरेदी केली त्यानेच मध्यवर्ती कायद्याखाली भरपाई मागावी. त्या देशातील अनेक राज्यांनी पुढे आपापल्या कायद्यांनी अप्रत्यक्ष ग्राहकासही दार उघडले.

जयपूरच्या एखाद्या घरमालकाने असा दावा लावावयाचे मनात आणले, तर वकिलाचा पहिला प्रश्न कलमांविषयीचा नसेल. सिमेंटची पावती कोणाच्या नावाची आहे आणि ती जपून ठेवली आहे काय, एवढेच तो विचारील.